घरातलं विज्ञान : बेसिनखालची टपटप

दोस्तांनो, स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली कधी डोकावलात? तिथे प्लास्टिकचा वेस्ट पाइप असतो आणि पुष्कळ घरांत त्याच्याखाली एक जुना डबा. पाणी गळतं, डबा भरतो, आई तो ओतते. लक्ष नसलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल येते आणि भांडण जुंपतं! आज या डब्याला सुट्टी देऊ या.

आधी चोर शोधा. पाणी पाइपावरून ओघळतं आणि भलत्याच जागी टपकतं. म्हणून पाइप कोरडा पुसा, बेसिनमध्ये निळीचं पाणी ओता आणि कागदाचा कपटा एकेका जोडाला लावत वरून खाली या. कागद जिथे पहिल्यांदा निळा होईल, तिथेच गळती!

आता जोड बघा. आट्यांची चाकी असेल, तर काम सोपं. इथे पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर, आटे नव्हेत. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून फारसा उपयोग नाही. खाली बादली ठेवा, चाकी सोडवा, वायसर पुसा. तो कडक झाला किंवा चिरला असेल, तर नमुना दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणा. चाकी हातानंच आवळा. नळात पाणी दाबानं येतं. इथे ते नुसतं उतारानं जातं. पान्यानं जोर लावलात, तर प्लास्टिकला चीर पडेल. मात्र पाइपात ॲसिड किंवा तुंबा काढायची पावडर टाकलेली असेल, तर चाकीला हात लावू नका.

दुसरा जोड चिकटवलेला. त्याचं सोल्युशन म्हणजे साधा गोंद नव्हे. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं. दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला, की एकजीव होतात. म्हणूनच गळक्या जोडावर ते बाहेरून फासून भागत नाही. जोड कापून नवा बसवावा लागतो. हे काम मोठ्यांचं! सोल्युशनच्या वाफा चटकन पेट घेतात. खिडकी उघडी, गॅस बंद हवा. तात्पुरतं भागवायचं, तर दोन भाग मळून होणारी एपॉक्सी पुट्टी कोरड्या, घासलेल्या पाइपावर लावता येते.

आणि बटाट्याचं उकळतं पाणी थेट बेसिनमध्ये ओतू नका बरं! पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. पुन्हापुन्हा तापून-निवून जोड ढिले होतात.

पाइपाच्या वळशात थोडं पाणी साचलेलं दिसेल. तो बिघाड नाही! ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. म्हणून दुरुस्तीनंतर तांब्याभर पाणी ओता आणि रात्री पाइपाखाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरडा? मग तुम्ही पास!