लाज दिसली, बळ दिसलं नाही

'हार्वेस्ट ऑफ शेम' एकांगी आहे, ही ओरड जुनी आहे. अमेरिकन टीव्ही वाहिनी सीबीएसने भटक्या शेतमजुरांवरचा हा माहितीपट २५ नोव्हेंबर १९६० रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्याच दिवशी दाखवला. सणाच्या ताटातली भाजी कोणी तोडली हे अमेरिकेला लगोलग सांगितलं, आणि बडे शेतमालक खवळले.

ही ओरड टिकत नाही. शेतमालकांच्या फार्म ब्युरो या संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स शुमन त्यात स्वतः बोलतात. काहीच नसण्यापेक्षा या मजुरांना चार दिवस काम मिळतं ते बरं, ही त्यांची बाजू. ती लंगडी पडते, कारण त्याच पटात फ्लोरिडातल्या बेल ग्लेडची एक आई आहे. दिवसभर शेंगा तोडून तिच्या हाती एक डॉलर येतो. पाळणाघराला रोजचे ८५ सेंट. म्हणून धाकट्या बहिणींना तिचा लहानगा मुलगा सांभाळतो. त्यांच्या गादीला उंदरांनी भोक पाडलंय. या हिशेबाला दुसरी बाजू कुठून आणायची?

निवेदक एडवर्ड मरो १९६१मध्ये सरकारी माहिती खात्याचे प्रमुख झाले आणि हाच पट बीबीसीने दाखवू नये म्हणून त्यांनी खटपट केली. बीबीसीने दाखवलाच. मरोंचं हे वागणं मला फार लागतं. पण त्याने पटातला एक डॉलर खोटा ठरत नाही.

माझा आक्षेप शेवटावर आहे. कायदे बदलून घेण्याचं बळ या मजुरांत नाही, ते कदाचित आपल्यात असेल, असं मरो प्रेक्षकांना सांगतात. इथे पट चुकला. १९३५च्या कामगार कायद्याने संघटनेचं संरक्षण देताना शेतमजुरांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. त्यांचं दुबळेपण असं घडवलेलं होतं, आणि पट त्यालाच त्यांचा स्वभाव समजून बसला.

पट दाखवल्यावर पाचच वर्षांनी, सप्टेंबर १९६५मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेलानोत लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी काम बंद केलं. आठवड्याभराने सेझार चावेझ यांची मुख्यतः मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. डेलानो म्हणजे बेल ग्लेड नव्हे, हे खरं; पण पिकामागे भटकणं आणि मुकादमाच्या शब्दावर जगणं तिथेही होतंच. संरक्षण देणारा कायदा नसताना त्यांनी संप पाच वर्षं चालवला, देशभर द्राक्षांवर बहिष्कार घडवून आणला, आणि १९७०मध्ये डेलानोच्या बागाईतदारांना करारावर सह्या करायला लावल्या.