'कसर लागली' म्हणून लगेच फवारणी? आधी कीड ओळखा, मग पैसे मोजा

नवरात्र जवळ आले की कोल्हापुरात पंचगंगा घाटावर धुण्यासाठी गर्दी होते. घटस्थापनेपूर्वी घरोघरची अंथरुणे-पांघरुणे बाहेर निघतात. याच साफसफाईत अनेकदा ट्रंकेतल्या घोंगडीला किंवा कपाटातल्या शालूला पडलेली भोके दिसतात. 'कसर लागली' असे म्हणून फवारणीवाल्याला फोन जातो. घरभर औषध मारले जाते आणि काही महिन्यांनी पुन्हा नवी भोके दिसतात.

असे का होते? कारण 'कसर' या एकाच शब्दात आपण किमान तीन वेगवेगळे किडे बसवतो. त्यातला सर्वांत दुर्लक्षित म्हणजे कार्पेट बीटल. नाव कार्पेटचे असले तरी त्याला गालिचाच लागतो असे नाही. लोकर, रेशीम, पिसे, केस, चामडे, एवढेच काय, कपाटामागे मेलेले झुरळही त्याला चालते.

नेमका कसा ओळखायचा?

प्रौढ भुंगेरा तिळाएवढा, २ ते ३ मिलिमीटरचा असतो. गोलसर पाठीवर पांढरे, तपकिरी, पिवळट ठिपके असतात. तो फुलांतील पराग आणि मध खातो, कपडे नाही. उजेडाकडे जात असल्याने तो खिडकीच्या चौकटीत सापडतो.

नुकसान करते ती त्याची अळी. ती तांदळाच्या दाण्याएवढी, तपकिरी आणि केसाळ असते. ती उजेड टाळते आणि घडीत, सोफ्याखाली, गालिचाच्या कडेला दडते. वाढताना अनेकदा कात टाकते. भोकांजवळ अशा केसाळ, पोकळ काती मिळाल्या तर संशय पक्का समजा. कपड्यांच्या पतंगाची अळी मागे रेशमी जाळी किंवा नळी सोडते, कार्पेट बीटल सोडत नाही. कागद आणि खळ कुरतडणारा चंदेरी, बिनपंखी किडा तिसराच.

अंगावर पुरळ येते, मग ढेकूण नाही का?

कार्पेट बीटल चावत नाही. मात्र अळीचे बारीक केस त्वचेला लागून काही जणांना खाज आणि पुरळ येते. ते ढेकणाच्या चाव्यासारखे दिसते. मग एकही ढेकूण न सापडता मुलांच्या गादीवर औषध मारले जाते. रोग एक आणि उपचार दुसराच, असा हा प्रकार. गादीच्या शिवणीत ढेकूण किंवा काळे ठिपके दिसत नसतील, तर आधी कपाट उघडून पाहा.

फवारणी का पुरत नाही?

अळी ट्रंकेत, कपड्याच्या घडीत असते आणि औषध फरशीवर पडते. शिवाय अळीची अवस्था काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकते. त्यामुळे खाद्य जागेवर असेपर्यंत कीड संपत नाही. डांबर गोळ्यांचेही तसेच. त्यांची वाफ घट्ट बंद डब्यातच साठते. कपाटात टाकलेल्या दोन गोळ्या फक्त वास देतात. लहान मुलाने गोळी गिळली तर विषबाधा होऊ शकते.

आपल्या साफसफाईतला दोषही इथेच आहे. घाटावर जाते ते मुख्यतः सुती. घामाचे किंवा अन्नाचे डाग नसतील तर सुती कापडाला ही अळी सहसा लागत नाही. तिला हवे असते ते लोकरी आणि रेशमी, आणि तेच बहुतेक घरांत ट्रंकेत तसेच राहते.

मग करायचे काय?

- घोंगडी, शाल, स्वेटर वर्षातून किमान दोनदा बाहेर काढा. उन्हात पसरून दोन्ही बाजूंनी ब्रशने झाडा. रेशमी साड्या सावलीत वाऱ्यावर टाका, कडक उन्हात रंग उडतो.
- लहान वस्तू प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, बाष्प धरते.
- सोफा, पलंग, कपाटाखालच्या कडा व्हॅक्यूम करा आणि कचरा घराबाहेर टाका.
- खिडकीतली, एसीमागची कबुतरांची रिकामी घरटी काढा. पिसांवर वाढलेली कीड तिथूनच घरात येते.
- वापरलेले कपडे न धुता ठेवून देऊ नका.

दुकाने, लॉज, गोदामांचे काय?

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहायला पर्यटक येतात. अशा वस्तूंसाठी हे भुंगेऱ्यांचे कुळ जगभरच्या संग्रहालयांत धोकादायक मानले जाते. तिथे सुरुवात फवाऱ्याने होत नाही. नियमित तपासणी, चिकट सापळे, गोठवणे आणि शेवटी रसायन, असा क्रम असतो. साडीचे दुकान आणि गालिचे अंथरलेले हॉटेल यांनाही हाच क्रम लागू पडतो. धान्याच्या गोदामात अशी केसाळ अळी दिसली तर ती याच कुळातल्या खापरा भुंगेऱ्याची असू शकते. तिथे तज्ज्ञाला बोलवायला उशीर नको.

रसायन लागलेच तर ते फटी आणि कडांपुरते असावे. कीटकनाशके कायदा, १९६८ अंतर्गत व्यावसायिक कीड नियंत्रणाला परवाना लागतो. तो पाहायला मागा आणि तीन प्रश्न विचारा: कोणता किडा सापडला, कोणते औषध वापरणार, कुठे मारणार? पहिल्याच प्रश्नाला 'सगळ्याच किड्यांवर चालते' असे उत्तर आले, तर पैसे देण्याची घाई करू नका.

सोफा नवा आणता येतो. आजोबांची घोंगडी किंवा आईचा लग्नातला शालू पुन्हा विकत मिळत नाही. म्हणून यंदा घाटावरचे धुणे आटोपले की ट्रंकही रिकामी करा.