माणूस बोलवा!

गेल्या साली नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी सात जणांची अभ्यंगस्नाने उरकली, कारीट फुटले, आणि न्हाणीघरात घोटाभर पाणी तुंबले. तेल, उटण्याचा गाळ आणि लांब केस यांचा त्रिवेणी संगम जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये झाला होता. स्वयंपाकघरातल्या मोरीने तर आदल्या रात्रीच असहकार पुकारला होता. चकल्यांच्या कढईतले उरलेसुरले तेल आम्ही तिलाच पाजले होते ना! वडील बंधूंनी आरामखुर्चीतूनच हुकूम सोडला, "अरे, माणूस बोलवा!"

वाचकहो, या 'माणूस' शब्दाची गंमत पाहा. एरवी ज्याला आपण उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवतो, तो मोरी तुंबली की एकदम माणूस होतो! तो आला, कोपरापर्यंत हात घालून त्याने केसांचा बोळा बाहेर काढला. बंधूंनी त्याच्या तळहातावर पैसे वरून टाकले. चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. केस आमचे, तेल आमचे; विटाळ मात्र त्याचा! आणि मी? मी हातात फराळाची बशी घेऊन तेथेच उभा होतो. गप्प.

"हे ज्याचे त्यालाच जमते," असे एक पांघरूण आपण या आळसावर घालतो. मी म्हणतो, यात अवघड ते काय? मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी कायम साठून राहते. गटाराची घाण हवा तेच अडवते. त्याच वळणात तूप-तेल थिजते आणि त्यावर बेसनाचे धुवण बसते. वर आधण ओतले तर तूप वितळते खरे, पण पुढे जाऊन गार होते आणि पुन्हा थिजते, बहुधा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वाट्याला! त्यापेक्षा खाली बादली ठेवून वळणाची चकती फिरवावी आणि नळी उघडून धुवावी. नहाणीतला बोळा वाकवलेल्या तारेने निघतो. संडासासाठी लाकडी दांड्याचा रबरी पंप मिळतो. त्याची वाटी पाण्यात पुरती बुडवून भोकावर घट्ट बसवावी आणि दाबावे, ओढावे. लोक नुसतेच दाबतात. बोळा सुटतो तो पुष्कळदा ओढण्याने. (अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.)

आणि जे आपण ढकलून देतो, ते जाते कोठे? चेंबरात, गटारात, मैल्याच्या टाकीत. तेथे विषारी वायू असतो, आणि तेथेही आपण 'माणूस'च उतरवतो. संरक्षणाच्या साधनांवाचून असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरी माणसे मरतच राहिली, म्हणून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. कापसाचे बोळे, कापडाच्या घड्या, नारळाच्या शेंड्या संडासात लोटताना हा आकडा कोणाला आठवतो?

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपवास मांडला. मागणी काय, तर मला सफाईचे काम करू द्या! आम्हां पांढरपेशांना स्वतःच्या घरातली मोरी साफ करायची म्हटली तरी अंगावर काटा येतो. मुंजीत सोडमुंज होईपर्यंत सोवळे सांभाळणारे हे हात साबणाने धुतले तर स्वच्छ होत नाहीत की काय?

यंदा वाणसामानाच्या यादीत रवा, बेसन, खोबरे यांच्याखाली मी 'रबरी पंप, १' असे लिहिले. कढईतले तेल पुसायला रद्दीचा गठ्ठाही मोरीपाशी आणून ठेवला. बंधूंनी यादी वाचली आणि "सणासुदीला हे काय अभद्र!" म्हणून ती ओळ खोडली. मी ती पुन्हा लिहिली आहे. पंप आणायला आज संध्याकाळी जाणार आहे.