मचाणावरची पौर्णिमा

नवरा-बायकोने एका रात्रीपुरते घर सोडून दोघांनीच कुठे जावे, हा विचार आपल्या वस्तीत अजून नवाच आहे. बाहेरगावचा मुक्काम म्हणजे लग्न, मयत, नाही तर दीक्षाभूमी. आणि तोही सगळ्या गोतावळ्यासह. आमच्या ओळखीच्या बल्लारपूरकडील एका कामगार जोडप्याने मात्र लग्नाच्या बाविसाव्या वर्षी हे धाडस केले. बुद्ध पौर्णिमेची रात्र दोघांनी ताडोबाच्या बफर क्षेत्रात मचाणावर काढली. "पौर्णिमा टाकून जंगलात?" असे शेजारणीने विचारलेच. आयुष्मती म्हणाल्या, "सकाळी विहारात वंदना केली, खीर वाटली, मग निघालो." आम्हांस हे उत्तर पटले.

वनखात्याच्या या उपक्रमाला निसर्गानुभव म्हणतात. हीच रात्र का, तर वैशाखात नाले-बोड्या आटतात, मोजके पाणवठे उरतात आणि जनावराला तेथे यावेच लागते. वर पूर्ण चंद्र, म्हणजे बॅटरीची गरज नाही. पूर्वी याच रात्री प्राणिगणना होत असे. वाघांची मोजणी २००६ पासून कॅमेरा ट्रॅपने होऊ लागली, तेव्हा आता ही रात्र मुख्यत्वे पाहणाऱ्यांची आहे.

मचाण म्हणजे बंगला नव्हे. चार खांब, वर फळ्या, चढायला शिडी. दोघे पाहुणे आणि सोबत एक गाईड. दुपारी चढायचे, सकाळी उतरायचे. डबा, पाणी आणि पांघरूण आपले. विहारातले पांढरे कपडे घरी बदलून जावे, चांदण्यात ते लांबून चमकतात. मातकट रंग बरा. अत्तर नको, बोलणे तर नकोच. (बावीस वर्षांत पहिल्यांदाच आम्ही बारा तास भांडलो नाही, असे नवरोबा सांगतात.)

फोटोचे म्हणाल तर फ्लॅश चालत नाही, आणि साध्या कॅमेऱ्यात चांदण्यातले सांबर म्हणजे काळा ठिपका. फोटो संध्याकाळी ऊन कलताना आणि पहाटे उजाडताना काढावेत, कॅमेरा कठड्याला टेकवून. वाघ दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही. चितळ, रानडुक्कर, अस्वल दिसले तरी रात्र वाया जात नाही. आणि एक फोटो एकमेकांचा काढावा. आपल्या घरांत लग्नानंतर दोघांचा फोटो निघतो तो थेट मुलांच्या लग्नात.

मात्र हाच हंगाम तेंदूपत्त्याचा. ज्या जंगलात आपण हौसेने रात्र काढतो, त्यात आपल्याच आयाबाया पहाटे पाने तोडायला शिरतात, पोटासाठी आणि मचाणाशिवाय. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पानांना गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, १२ मे रोजी, बुद्ध पौर्णिमा होती. अशा मृत्यूसाठी वारसांना २०२३ पासून २५ लाख रुपये ठरले आहेत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ही माहिती त्या घरांपर्यंत पोहोचवावी, पंचनाम्याचे कागद वेळेत करवून घ्यावेत. मचाणावर जाणाऱ्यांनीही सकाळी खाली उतरल्यावर गाईडला एवढे जरूर विचारावे, की तुमच्या घरचे कोण पानांना जाते.