विश्लेषण : गुण सारखे, तरी पहिला एकच! ऑनलाइन बुद्धिबळात ‘टायब्रेक’ कसा ठरतो?

ऑनलाइन स्पर्धेची शेवटची फेरी संपते, गुणतक्ता झळकतो आणि दोघांचे गुण सारखेच निघतात. तरीही एक पहिला असतो, दुसरा दुसरा. बक्षीस पहिल्यालाच असेल तर वाद ठरलेला. ‘मी कुठे कमी पडलो?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्या खेळाडूच्या डावांत नसतेच. ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या डावांत असते.

प्रतिस्पर्ध्यांचे गुण कशासाठी?

बऱ्याच ऑनलाइन स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. खेळाडू शेकडो, फेऱ्या मोजक्या. त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळू शकत नाहीत आणि प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. पहिल्याच फेरीत हरलेल्याला पुढे तुलनेने सोपे प्रतिस्पर्धी मिळतात. म्हणून कोण कोणाशी खेळून तिथे पोहोचला, हे मोजावे लागते.

‘बुकोल्झ’ पद्धतीत सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम गुणांची बेरीज होते. ‘सोनेबोर्न-बर्गर’मध्ये हरवलेल्यांचे पूर्ण गुण, बरोबरी झालेल्यांचे निम्मे आणि ज्यांच्याकडून हरलो त्यांचे शून्य धरतात.

फरक किरकोळ वाटतो, पण समजा पाच फेऱ्यांत ‘अ’ आणि ‘ब’ यांचे प्रत्येकी ४ गुण झाले. ‘अ’ने हरवलेल्या चौघांचे गुण २, २, २, ३ आणि तो हरला २ गुणवाल्याकडून. ‘ब’ने हरवलेल्यांचे १, २, २, ३ आणि तो हरला थेट ५ गुण घेणाऱ्या विजेत्याकडून. बुकोल्झ : ‘अ’ ११, ‘ब’ १३. सोनेबोर्न-बर्गर : ‘अ’ ९, ‘ब’ ८. डाव तेच, नियम बदलला की क्रमांक उलटा! म्हणूनच स्पर्धेत नाव नोंदवतानाच टायब्रेकचा नियम वाचलेला बरा.

मध्येच सोडून गेलेला प्रतिस्पर्धी

सभागृहातून उठून जायला थोडा तरी संकोच वाटतो. ऑनलाइन मात्र खिडकी बंद केली की झाले. पहिल्या फेरीत तुमच्याकडून हरून कोणी निघून गेला आणि शून्यावरच राहिला, तर त्याचा फटका तुमच्या बेरजेला बसू शकतो. यावर उपाय म्हणून ‘कट-१’ हा प्रकार आहे. त्यात सर्वांत कमी गुणांचा प्रतिस्पर्धी बेरजेतून वगळतात.

लिचेसवर स्विस स्पर्धेत सोनेबोर्न-बर्गर वापरतात. तिथल्या ‘अरीना’ स्पर्धेत मात्र समान गुण झाल्यास कामगिरीचे रेटिंग पाहिले जाते, म्हणजे किती ताकदीच्या खेळाडूंविरुद्ध कसे निकाल लागले, ते.

बाद फेरीत काय?

तिथे बेरीज कामाची नाही, कोणीतरी हरायलाच हवे. त्यासाठी ‘आर्मगेडन’ डाव असतो : पांढऱ्याला जास्त वेळ, काळ्याला कमी, पण बरोबरी झाली तर विजयी काळा. काही ऑनलाइन स्पर्धांत तर वेळेची बोली लागते. जो कमी वेळेत खेळायला तयार, त्याला काळी मोहरी.

२०२०च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या उपांत्य लढतीत भारत पोलंडविरुद्ध पहिली फेरी २-४ असा हरला आणि दुसरी ४.५-१.५ अशी जिंकला. एकूण पटगुण भारताचे जास्त होते, पण त्यांना महत्त्व नव्हते. दोघांनी एकेक फेरी जिंकली, एवढेच धरले गेले. अखेर कोनेरू हम्पीने आर्मगेडनमध्ये मोनिका सोच्कोला हरवले.

अंतिम फेरीत रशियाविरुद्ध मात्र कोणतेही सूत्र पुरले नाही. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत इंटरनेटचा खोळंबा झाला आणि निहाल सरिन व नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून वेळ संपली. भारताने दाद मागितली आणि ‘फिडे’चे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही संघांना दिले.