नाव द्यायला सगळे, रोप घडवायला कोण?

जानेवारी-फेब्रुवारी आला की पुण्यात फुलांची प्रदर्शनं सुरू होतात. एम्प्रेस गार्डनला गर्दी लोटते, आपण सगळे गुलाबाशेजारी उभं राहून फोटो काढतो, घरी येऊन स्टेटसला टाकतो. छानच आहे ते. आणि मग अधूनमधून कुठून तरी मागणी येते की एखाद्या गुलाबाला आपल्या अमुक थोर माणसाचं नाव द्या. माझा नावाला विरोध नाही. पण ज्याला नाव द्यायचं तो गुलाब घडवला कुणी, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. बहुतेक वेळा उत्तर हॉलंड, जर्मनी, फ्रान्स नाहीतर अमेरिका असं असतं.

कुठल्याही रस्त्याकडेच्या नर्सरीत जाऊन बघा. पाट्या काय असतात? डच गुलाब, काश्मिरी गुलाब, इंग्लिश गुलाब, बटण गुलाब, आणि मग आपला "गावठी". यातलं एकही जातीचं नाव नाही. मी एका नर्सरीवाल्याला विचारलं, काका, या लाल गुलाबाचं नाव काय? म्हणाला, "साहेब, लालच." आता त्याचंही चुकत नाही. त्याला रोपं गठ्ठ्याने येतात, तो गठ्ठ्याने विकतो. पण आंबा घेताना आपण हापूस की पायरी, देवगडचा की रत्नागिरीचा, म्हणून दुकानदाराचा जीव खातो. गुलाबाच्या बाबतीत "लाल" एवढ्यावर आपलं समाधान होतं. जिथे जातीलाच नाव नाही तिथे ती घडवणाऱ्याचं नाव कोण विचारणार?

गुलाबाची नवी जात म्हणजे कलम करणं नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाकू. डोळा भरून किंवा फाटा लावून जे रोप होतं ते मूळ झाडाचीच नक्कल असते. नवी जात हवी तर बी लागतं. एक झाड आई म्हणून निवडायचं, त्याची कळी उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या काढायच्या, चिमट्याने सगळे पुंकेसर खुडायचे, म्हणजे झाडाचे स्वतःचे पराग त्यावर पडणार नाहीत. मग दुसऱ्या झाडाचे वाळवलेले पराग ब्रशने किंवा सरळ बोटाने कुक्षीवर लावायचे, कागदी पिशवी बांधायची आणि दोन्ही झाडांची नावं लिहून चिठ्ठी अडकवायची. फळ धरलं तर पिकायला साधारण चार महिने. आतलं बी काढून ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवायचं, कारण थंडी लागल्याशिवाय ते नीट उगवत नाही. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे लसूण-मिरचीच्या डब्याशेजारी ठेवलेली ती पिशवी दोनदा कचऱ्यात गेली.)

यातलं थोडंच उगवतं. उगवलेल्यातली निम्मी रोपं भुरी खाऊन टाकते. उरलेल्यांना काही महिन्यांत पहिलं फूल येतं, आणि त्यातली बहुतेक आई-बापापेक्षा डावी निघतात. एखादं बरं वाटलं तर त्याचा डोळा खुंटावर भरायचा, आणखी रोपं करायची आणि तीन-चार पावसाळे बघायचं. युरोपातल्या मोठ्या कंपन्या दरवर्षी हजारोंनी रोपं उगवतात आणि त्यातून मोजक्या जाती बाजारात आणतात. परागापासून बाजारापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. म्हणजे दोन नगरसेवकांची मुदत, आणि वर प्रशासकाचा काळ वेगळा.

एवढा खटाटोप आपण करायचाच कशाला, आयतं मिळतंय की, असं म्हणाल. तर ऐका. आज आपण जे बागेतले गुलाब लावतो ते जगातल्या शंभरावर रानटी जातींपैकी जेमतेम दहा-बारा जातींच्या संकरातून आलेत. त्यांची निवड झाली ती लिऑन, हॅम्बर्ग किंवा इंग्लंडच्या हवेत. तिथे प्रश्न बर्फाचा आहे. आपला प्रश्न जुलैचा आहे. सलग वीस दिवस पान वाळत नाही, काळे ठिपके पडतात, झाड खालून वर नागडं होतं. ऑक्टोबरात छाटणी केली की फांदी टोकापासून काळी पडत खाली येते, तो डायबॅक. मग एप्रिल-मेच्या उन्हात लाल कोळी. दर आठवड्याला फवारणी करणारा माणूसच गुलाब टिकवू शकतो, असा समज त्यातूनच झालाय. महापालिकेच्या उद्यानांत गुलाबाचे वाफे मोठ्या हौसेने लावतात आणि दोन पावसाळ्यांत तिथे फक्त खुंट फुटलेला दिसतो, वरची जात केव्हाच मेलेली असते. पुन्हा टेंडर, पुन्हा रोपं, पुन्हा फीत. माळ्याला दोष देऊन उपयोग नाही. झाडच या हवेचं नाही.

या हवेचं झाड करता येतं का? येतं, आणि आपल्याच देशात लोकांनी ते केलंय. बेंजामिन पिअरी पाल हे नाव शेतीत शिकलेल्यांना माहीत असेल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, तांबेऱ्याला दाद न देणारा एन.पी. 809 गहू ज्यांच्या कामातून आला ते. हा माणूस गव्हाइतकाच गुलाबात रमलेला होता. 1960 च्या दशकात त्यांनी रोझ शरबत, दिल्ली प्रिन्सेस, बंजारन अशा एकामागून एक जाती दिल्या, आणि होमी भाभा गेल्यावर एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभा हे नाव दिलं. बघा, तिथेही थोर माणसाचं नाव आहे. फरक एवढाच की आधी गुलाब घडवला आणि मग नाव दिलं. पुढे दिल्लीच्या त्याच पुसा संस्थेतून चॉकलेटी रंगाची मोहिनी आली, लाल रक्तगंधा आली, किरणांचा मारा करून घडवलेली पट्ट्यापट्ट्यांची अभिसारिका आली. यातल्या किती तुम्ही आपल्या नर्सरीत पाटी लावलेल्या बघितल्यात? मी शोधतोय.

दुसरं नाव विरू वीरराघवन यांचं. आयएएसची नोकरी मुदतीआधी सोडली आणि कोडाईकनालला जाऊन पत्नी गिरिजा यांच्यासोबत आयुष्य गुलाबात घातलं. त्यांनी मुळातच प्रश्न वेगळा विचारला. उष्ण देशाचा गुलाब हवा ना, मग उष्ण देशातलाच रानटी गुलाब घ्या. एक मणिपूरच्या डोंगरातला रोझा जायगँशिया, झाडांवर चढणारा प्रचंड वेल. दुसरा रोझा क्लिनोफिला, नदीकाठी, अगदी पुराच्या पाण्यात पाय बुडवून जगणारा. पाण्यात उभा राहणारा गुलाब! आमच्या कुंडीत दोन दिवस पाणी साठलं तरी मुळं कुजतात, आणि हा देशातलाच भाऊ पुरात उभा. त्यांच्या एका जातीचं नाव आहे ई. के. जानकी अम्मल. उसाच्या संकरावर काम केलेली आपली थोर वनस्पतिशास्त्रज्ञ, जिचं नाव शाळेच्या पुस्तकात शोधावं लागतं.

रानटी जातीशी संकर करणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. बागेतल्या बहुतेक गुलाबांत 28 गुणसूत्रं असतात, रानटीत बहुधा 14. दोघांचं लेकरू 21 चं होतं आणि बहुतेकदा वांझ निघतं. पुढची पिढी मिळायला वर्षंच्या वर्षं जातात. बाजाराला एवढा धीर नसतो. म्हणूनच हे काम सरकारी संस्थेचं आहे, किंवा ज्याला पेन्शन आहे आणि घाई नाही अशा माणसाचं.

आणि सरकारी संस्था शोधायला आपल्याला दिल्लीला जावं लागत नाही. देशाचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय 2014 पासून पुण्यातच आहे. इथून तासाभरावर तळेगावचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, मावळातला शेतकरी व्हॅलेंटाइनच्या आधी रात्र-रात्र जागून परदेशी फुलं पाठवतो. त्याच्या पॉलिहाऊसमध्ये काय असतं? टॉप सीक्रेट, ताजमहाल. नाव ताजमहाल, जात परदेशी. रोप घेताना जातीच्या मालकाला रोपामागे रॉयल्टी जाते. मी रॉयल्टीच्या विरोधात नाही. दहा वर्षं घालवणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की रॉयल्टी कायम एकाच दिशेने का वाहते?

रॉयल्टीवरून एक गंमत सांगतो. वनस्पतीला पेटंट देणारा कायदा अमेरिकेने 1930 साली केला, आणि 1931 मध्ये त्या कायद्याखालचं पहिलं पेटंट मिळालं ते गुलाबालाच, न्यू डॉन नावाच्या फिकट गुलाबी वेलीला. ती कुणी संकर करून घडवली नव्हती. एका जुन्या जातीच्या झाडात वेगळेपण आपोआप आलं, जुनी वर्षातून एकदाच फुलायची, ही पुन्हा पुन्हा फुलत राहिली. कुणाच्या तरी नजरेला ते दिसलं. बस, एवढंच.

ही नजर आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. तासगावच्या वसंतराव आर्व्यांनी द्राक्षात तास-ए-गणेश शोधला, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका दिला. प्रयोगशाळा नाही, पदवीचा डामडौल नाही, रोज बागेत फिरणारा डोळा. आणि चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे. 1983 च्या सुमारास धानाच्या शेतात वेगळ्या दिसल्या त्या ओंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि एचएमटी तांदूळ झाला. लाखो लोकांच्या ताटात गेला. नाव मात्र पडलं मनगटी घड्याळाचं. दादाजी 2018 मध्ये हालाखीत गेले. आपल्या राज्यात नवी जात घडवणाऱ्याचं काय होतं, हे तरुण शेतकऱ्याला सांगायला ही एक गोष्ट पुरेशी आहे, आणि तीच बदलायला हवी.

कायदा तसा वाईट नाही. 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याने घडवलेल्या वाणालाही नोंदणी देतो, त्यासाठी त्याच्याकडून फी घेत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. नोंदणी झालेली जात नवी जात घडवण्यासाठी पालक म्हणून वापरायला हा कायदा मोकळीक देतो. म्हणजे नोंदणी झालेल्या गुलाबाचे पराग घेऊन तुम्ही तुमच्या गच्चीवर संकर केलात तर तो गुन्हा नाही. त्याच जातीची रोपं करून विकणं ही वेगळी गोष्ट. अडचण कायद्यात कमी आणि पुढच्या पायरीत जास्त आहे. जात वेगळी आहे, एकसारखी आहे, टिकाऊ आहे हे दाखवायला पुरेशी रोपं, जागा आणि वर्षं लागतात. चार कुंड्यांवाला माणूस तिथे थांबतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि पैशाने फार मोठी नाही. महापालिकेने एका उद्यानात, सगळ्या नाही हो, एकाच, चाचणीचा वाफा ठेवावा. स्थानिक हौशी माणसांनी, नर्सरीवाल्यांनी, शेतकऱ्यांनी घडवलेली रोपं तिथे तीन वर्षं लावायची. बुरशीनाशकाचा एक थेंबही मारायचा नाही. प्रत्येक रोपासमोर पाटी: आई कोण, बाप कोण, घडवणारा कोण. पुष्पविज्ञान संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी वर्षातून दोनदा येऊन गुण द्यावेत, एकदा ऑगस्टच्या शेवटी आणि एकदा मे महिन्यात. प्रदर्शनात जानेवारीचं फूल सगळेच मिरवतात, ऑगस्टमधलं पान दाखवा म्हणावं. तिसऱ्या वर्षी जे झाड पानांसकट उभं असेल त्याच्या नोंदणीचा खर्च पालिकेने उचलावा, आणि शहरातल्या पुढच्या प्रत्येक गुलाबवाफ्याला तीच जात लावावी. मग त्याला कुणाचं नाव द्यायचं ते सर्वसाधारण सभेत खुशाल भांडून ठरवा.

"पालिकेला रस्त्यावरचे खड्डे बुजवता येत नाहीत आणि हे गुलाब घेऊन आलेत" हा प्रतिसाद येणार, मला माहीत आहे. पण उद्यान विभागाचं बजेट खड्ड्यांना जात नाही. ते दर दोन वर्षांनी मरणारी रोपं विकत घ्यायला जातं. मी नवा पैसा मागत नाहीये, त्याच पैशातला एक वाफा मागतोय.

माझ्याकडे सध्या गच्चीवर सात रोपं आहेत, सगळी बियांची. दोन पावसाळे बिनफवारणीचे काढलेत त्यांनी. त्यातलं एक गुलाबी बऱ्यापैकी आहे, वास मात्र अजिबात नाही. बाकीच्यांबद्दल बोलू नये. तुमच्यापैकी कुणी बियांपासून गुलाब केला असेल, अगदी सहज पडलेल्या बियाचा असला तरी, तर फोटो टाका, आणि शक्यतो फुलाचा नको, पावसाळ्यातल्या पानांचा टाका. दहा-बारा जण झालो तर उद्यान अधीक्षकांकडे अर्ज घेऊन जाऊ. मसुदा मी करतो. संकर करायचा असेल तर कळ्या आत्ता आहेत, मार्च उजाडला की उन्हाने फळ धरत नाही.