‘नाही’ या उत्तराची किंमत

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीतले ‘रंग बदलला नाही’ हे वाक्य खोडून तेथे ‘रंग बदलला’ असे लिहिणारा मित्र तुम्ही पाहिला असेल. शाळेत असताना मीही हा उद्योग केला आहे! आज मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पण ही सवय किती घातक आहे, हे मला नीट कळले ते जीवाणूंच्या चाचण्यांविषयी वाचताना.

काही जीवाणूंना ऑक्सिजन मानवत नाही. त्यांना विनॉक्सी जीवाणू म्हणतात. १८६१ मध्ये लुई पाश्चर यांनी अशा जीवांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्यांपैकीच एक क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो मातीत असतो, आपल्या आतड्यातही असतो. खोल जखमेत शिरला, तर मात्र वायुकोथ म्हणजे गॅस गँगरीन हा भयंकर रोग होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात असंख्य जखमी सैनिकांना या रोगाने ग्रासले होते.

हा जीवाणू ओळखायचा कसा? सूक्ष्मदर्शकातून तो आखूड काठीसारखा दिसतो. पण असे दिसणारे जीवाणू पुष्कळ आहेत. म्हणून त्याचे रूप पाहून भागत नाही. त्याला रसायनांच्या भाषेत प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा : अंड्यातील पिवळा बलक घातलेल्या माध्यमाची तबकडी घ्यायची. तिच्या अर्ध्या भागावर या जीवाणूच्या विषाला निकामी करणारे प्रतिविष पसरायचे. मग दोन्ही भागांवर जीवाणू पेरून ती ऑक्सिजनविरहित बरणीत ठेवायची. जीवाणूचे विष बलकातील लेसिथिन या पदार्थाचे विघटन करते व माध्यम गढूळ होते. प्रतिविषाच्या भागात जीवाणू वाढतो, पण गढूळपणा येत नाही. १९३९ मध्ये नॅग्लर यांनी वर्णन केलेल्या अभिक्रियेवर ही चाचणी आधारलेली आहे. तिची खरी गंमत कशात आहे? एकाच तबकडीवर ‘होय’ आणि ‘नाही’ शेजारीशेजारी असतात. म्हणूनच दोन्हींवर विश्वास ठेवता येतो.

पण बायफर्मेंटन्स नावाची एक नातलग जातही असाच गढूळपणा आणते. मग दुसरा प्रश्न : ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून तुला इंडोल बनवता येते का? बायफर्मेंटन्सच्या नळीत कोव्हॅक्सचे अभिकारक टाकले की वर लाल कडे उमटते. परफ्रिंजेन्सच्या नळीत ते उमटत नाही. येथे निकाल ‘नाही’ने लागतो!

मात्र अभिकारकच जुने, खराब झालेले असेल तर? तर लाल कडे कोणत्याच नळीत दिसणार नाही. म्हणून शेजारी इंडोल नक्की बनवणाऱ्या एखाद्या ज्ञात जीवाणूची नळी ठेवतात. ती लाल झाली, तरच दुसऱ्या नळीचे ‘नाही’ खरे. आज वस्तुमान मोजणारी यंत्रे काही मिनिटांत जीवाणूचे नाव सांगतात. पण तीही आधी ज्ञात नमुन्यावर तपासून घ्यावी लागतात.

आपल्या शाळांत नेमके हेच राहून जाते. तासिका अपुऱ्या, साहित्य तुटपुंजे, ही शिक्षकांची अडचण मी जाणतो. पण सबंध वर्गात तुलनेसाठी एक जादा नळी ठेवायला फारसे काही लागत नाही. आणि शिक्षकहो, ‘बदल झाला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापू नका. ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ एवढेच त्याला विचारा.

मित्रहो, एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. कॅटालेज या एंझाइममुळे बुडबुडे येतील. पुष्कळशा विनॉक्सी जीवाणूंत हे एंझाइम नसते, म्हणून प्रयोगशाळेत त्यांचीही अशी चाचणी घेतात. आता उकडून गार केलेल्या फोडीवर तेच थेंब टाका. बुडबुडे येणार नाहीत, कारण उष्णतेने एंझाइम निकामी झाले. पण तुमच्याजवळ फक्त उकडलेलीच फोड असती, तर दोष बटाट्याचा की बाटलीतल्या द्रावाचा, हे तुम्ही कसे ठरवले असते?

या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा. आणि खोडरबर दप्तरातच राहू द्या!